एका ताटलीची किंमत : कोरियातला पारंपरिक बाजार चालतो तरी कसा?

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथील ग्वांगजांग बाजारात एक यूट्यूबर आपल्या परदेशी मित्रांना घेऊन गेला. त्यांनी 'मोदुमजॉन' मागवले. भाज्या, मासे आणि मांसाच्या चकत्या पिठात आणि अंड्यात घोळवून तव्यावर परततात, त्यांची ही मिश्र ताटली. पंधरा हजार वॉन, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण साडेनऊशे रुपये, मोजल्यावर पुढ्यात आले ते जेमतेम दहाएक लहान तुकडे, आणि वर 'एवढ्याने भागणार नाही, अजून काहीतरी मागवा' असा आग्रह. चित्रफीत देशभर पसरली. बाजाराच्या व्यापारी संघटनेने तो गाडा दहा दिवस बंद ठेवायला लावला. डिसेंबरमध्ये सोल महानगर प्रशासनाने जाहीर केले की यापुढे किमतीशेजारी पदार्थाचे वजन किंवा नगांची संख्या लिहावी लागेल आणि ओळख न देणारे तपासनीस ग्राहक बनून फिरतील. तरीही २०२५ च्या नोव्हेंबरात त्याच बाजारातल्या दुसऱ्या एका गाड्यावरून तसाच वाद पुन्हा पेटला.

कोरियन भाषेत अशा लुबाडणुकीला 'बागाजी' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ वाळलेल्या भोपळ्याचे वाडगे. ते वाडगे डोक्यावर चढले, म्हणजे माणूस फसला. मराठीत आपण 'टोपी घातली' म्हणतो, तसेच हे. पण ज्या बाजाराची ओळख शंभर वर्षे 'पदरात चार दाणे जास्त पडतील अशी जागा' अशी होती, तिथे टोपी घालण्याची तक्रार वारंवार का येऊ लागली, हे एका विक्रेत्याच्या हावेकडे बोट दाखवून समजत नाही. त्यासाठी हा बाजार मुळात कशावर चालत आला आहे, ते पाहावे लागते.

आधी तारखेचा बाजार, मग रोजचा

कोरियात बाजाराला 'शिजांग' म्हणतात आणि गावोगावच्या जुन्या बाजाराला नुसते 'जांग'. हा जांग आपल्या आठवडी बाजारासारखाच असतो, फक्त तो वारावर न भरता तारखेवर भरतो. आपल्याकडे एखाद्या गावचा बाजार मंगळवारी असतो, तसा तिकडे तो ज्या तारखेच्या शेवटी ४ किंवा ९ येतो त्या दिवशी असतो : ४, ९, १४, १९, २४ आणि २९. दर पाच दिवसांनी येणाऱ्या या बाजाराला 'ओइलजांग' असे नाव आहे आणि त्याचा शब्दशः अर्थही पाच दिवसांचा बाजार असाच आहे. सोलला लागून असलेल्या सॉन्गनाम शहरातला मोरान बाजार आजही ४ आणि ९ च्या तारखांना भरतो, तर डोंगराळ गांगवॉन प्रांतातला जॉन्सॉनचा बाजार २ आणि ७ च्या तारखांना भरतो आणि त्यासाठी शहरांतून लोक मुद्दाम तिकडे जातात.

शेजारपाजारच्या गावांनी तारखा अशा वाटून घेतल्या होत्या की आज इथे, उद्या पुढच्या गावी, परवा त्याच्या पुढे, असे फिरत फिरत पाचव्या दिवशी व्यापारी पुन्हा पहिल्या गावी पोहोचावा. या फिरत्या व्यापाऱ्यांना 'बोबुसांग' म्हणत. त्यांच्यातही दोन जाती होत्या : कापड, कंगवे, दागिने असा हलका आणि किमती माल कापडी गाठोड्यात बांधून नेणारे, आणि मीठ, मासळी, मातीची भांडी असा जड माल लाकडी घोडीवर लादून ती पाठीवर वाहणारे. आपल्याकडे लमाणांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहिले, ते काम तिकडे बव्हंशी माणसाच्या पाठीने केले. १८०८ सालच्या एका सरकारी नोंदवहीत असे हजाराहून अधिक बाजार मोजलेले आहेत.

राजधानीत मात्र व्यवस्था निराळी होती. जोंगनो या हमरस्त्यावर राजदरबाराचा परवाना असलेली दुकाने होती, ती दरबाराला माल पुरवीत, आणि त्या बदल्यात बिनपरवाना विक्रेत्यांना हुसकावून लावण्याचा अधिकार त्यांना मिळालेला होता. १७९१ साली राजा जॉन्जो याने सहा प्रमुख वस्तूंचे व्यापारी वगळता बाकीच्यांचा हा अधिकार काढून घेतला आणि साध्या विक्रेत्याला राजधानीत उजळ माथ्याने बसता येऊ लागले. कोणाला कोठे बसून काय विकता येईल, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत कोरियन बाजाराच्या मुळाशी आहे.

१९०५ : व्यापाऱ्यांनी स्वतः उभा केलेला बाजार

ग्वांगजांग बाजार १९०५ साली सुरू झाला. तो काळ कोरियासाठी अत्यंत वाईट होता. जपानचा विळखा घट्ट होत चालला होता, त्याच वर्षी जपानी सल्लागाराच्या देखरेखीखाली झालेल्या चलनबदलात कोरियन व्यापाऱ्यांकडची रोकड आटली होती, आणि वर्षअखेरीस देशाचे परराष्ट्र व्यवहार जपानच्या ताब्यात जायचे होते. अशा वेळी सोलमधील काही कोरियन व्यापाऱ्यांनी भांडवल एकत्र करून कंपनी काढली आणि रोज, कायम भरणारा बाजार उभा केला. या मंडळींत पाक सुंगजिक हे कापडाचे व्यापारीही होते; पुढे त्यांच्या दुकानातूनच आजचा दूसान उद्योगसमूह वाढला.

नावाचीही एक गोष्ट आहे. बाजार आधी चॉन्ग्येचॉन ओढ्यावरच्या ग्वांगग्यो आणि जांगग्यो या दोन पुलांच्या मधोमध उभारायचा बेत होता, म्हणून दोन्ही पुलांची पहिली अक्षरे जोडून 'ग्वांगजांग' हे नाव ठरले. तो बेत फसला आणि बाजार पूर्वेला, आजच्या जागी आला. नाव मात्र टाकवेना, म्हणून उच्चार तोच ठेवून चिनी लिपीतली अक्षरे बदलली आणि अर्थ झाला 'विस्तीर्ण साठवण'. मला हा तपशील फार बोलका वाटतो, कारण जागा हातची गेली तरी ठरवलेली गोष्ट सोडायची नाही, हा त्या व्यापाऱ्यांचा स्वभाव त्यात दिसतो.

कोरियन युद्धात, १९५० ते १९५३ या वर्षांत, बाजाराची होळी झाली. त्यानंतर तो पुन्हा उभा राहिला तो उत्तरेकडून आलेल्या निर्वासितांच्या साथीने. घरदार मागे टाकून आलेल्या माणसाला भांडवलाशिवाय सुरू करता येईल असा एकच धंदा होता : मिळेल त्या जागी बसायचे आणि मिळेल ते विकायचे. सैन्याकडून बाहेर पडलेले कापड आणि घोंगड्या उसवून, रंगवून त्यांचे कपडे शिवले गेले. आज या बाजाराची खूण झालेले मुगाचे धिरडे, म्हणजे 'बिंदेत्तॉक', हेही उत्तरेकडच्या प्योंगान प्रांताचे खाणे म्हणून ओळखले जाते.

आत शिरल्यावर काय दिसते

भुयारी रेल्वेच्या जोंगनो ५-गा स्थानकातून वर आले की काही पावलांवर बाजाराचे तोंड आहे. छताखालचे रस्ते एकमेकांना छेदत जातात, आणि जिथे ते छेदतात त्या चौकात खाण्याच्या गाड्यांची दाटी आहे. प्रत्येक गाड्याभोवती लाकडी बाकडी असतात आणि थंडीत ती खालून गरम केलेली असतात, त्यामुळे बाहेर बर्फ पडत असला तरी बसल्याजागी उबारा मिळतो.

बिंदेत्तॉकच्या एखाद्या गाड्यापुढे पाच मिनिटे उभे राहावे. विजेवर फिरणारे दगडी जाते भिजवलेल्या, सालपटे काढलेल्या मुगावर सावकाश फिरत असते आणि त्याच्या कडेने पिवळसर, जाडसर पीठ खालच्या भांड्यात उतरत असते. समोरची मावशी ('आजुम्मा' हा तिकडचा शब्द मराठी मालिकाप्रेमींनाही आता ओळखीचा झाला आहे) त्या पिठात मुगाचे मोड आणि चिरलेली किमची मिसळते, डावाने एक मोठा गोळा तव्यावर टाकून तो तळहाताएवढ्या जाडीत पसरवते. तव्यावर तेल नुसते पुसलेले नसते, ते साचलेले असते. आपले धिरडे भाजले जाते, हे जवळजवळ तळले जाते. कडा गडद तपकिरी झाल्या की ते उलटायचे, दाबायचे आणि कातरीने कापून द्यायचे. सोबत सोया सॉस आणि शिरक्यात मुरलेला कांदा, आणि बहुतेक बाकड्यांवर 'माकगॉली' ही तांदळाची दुधाळ दारू.

शेजारच्या गाड्यावर करंगळीएवढ्या किंबापांच्या राशी असतात. गाजर आणि मुरवलेला मुळा भातात गुंडाळून त्यावर समुद्री शेवाळाची पापडी, आणि बुडवायला मोहरीचा झणका असलेला सॉस. याला वर्षानुवर्षे 'मायाक किंबाप' म्हणत आले. मायाक म्हणजे अंमली पदार्थ, अर्थात एकदा खाल्ला की सोडवत नाही असा. अंमली पदार्थांची समस्या वाढू लागल्यावर खाद्यपदार्थांच्या नावात असे शब्द टाळावेत, अशी कायदेशीर तरतूद २०२४ च्या जुलैपासून लागू झाली आणि अनेक पाट्यांवरून तो शब्द उतरला. पलीकडच्या गल्लीत कच्च्या गोमांसाच्या पातळ फिती आणि ताटलीत अजून वळवळणारे ऑक्टोपसचे तुकडे विकले जातात.

हे सगळे पाहणाऱ्याला वाटते की ग्वांगजांग म्हणजे खाऊगल्ली. प्रत्यक्षात बाजाराचा मूळ धंदा कापडाचा आहे. वरच्या मजल्यावर रेशीम, ताग, गाद्या-रजया आणि 'हानबोक' या पारंपरिक पोशाखाची दुकाने एकाला एक लागून आहेत. खाण्याचे गाडे मुळात या दुकानदारांच्या, हमालांच्या आणि गिऱ्हाइकांच्या पोटाची सोय म्हणून आले.

एकच माल विकणारी इतकी दुकाने शेजारी शेजारी का?

हा प्रश्न नवख्याला हटकून पडतो, पण मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये किंवा लोहार चाळीत गेलेल्या माणसाला त्याचे उत्तर ठाऊक असते. गिऱ्हाइकाला शोधत हिंडावे लागत नाही, एका फेरीत दहा ठिकाणचा भाव कळतो, म्हणून गिऱ्हाईक तिथेच येते. आणि गिऱ्हाईक तिथेच येते म्हणून नवा दुकानदारही तिथेच जागा शोधतो. शिवाय आपल्याकडे एखादा रंग संपला तर शेजाऱ्याकडून तागा आणून देता येतो.

शेजारी हा इथे प्रतिस्पर्धी असतो तसाच आधारही असतो. आपल्या भिशीसारखी 'ग्ये' नावाची पद्धत कोरियन बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली : ठराविक मंडळींनी दरमहा ठराविक रक्कम काढायची आणि आळीपाळीने एकेकाने ती उचलायची. बँकेच्या दारात जायला कचरणाऱ्या विक्रेतीने गाडा घेतला, मुलाची फी भरली, ती बहुधा ग्येच्या पैशातून. तिथे ना कागद ना तारण. उद्या सकाळी ती त्याच जागी गाडा लावणार आहे, हेच तारण.

दांगोल, दॉम आणि मासुगॉरी

कोरियन बाजाराचे खरे यंत्र चार-पाच शब्दांत सामावलेले आहे, आणि त्यातला मुख्य शब्द 'दांगोल'. दांगोल म्हणजे नेहमीचे गिऱ्हाईक. ज्याला आपण 'बांधलेले गिऱ्हाईक' म्हणतो, ते. दांगोलला 'दॉम' मिळतो : मोजून दिलेल्या मालावर हाताने घातलेली वरची मूठ. आपल्या भाजीवालीने न मागता पिशवीत टाकलेली कोथिंबीर आणि दोन मिरच्या, तोच हा प्रकार. घासाघिशीने कमी झालेल्या भावाला 'एनुरी' म्हणतात, आणि दिवस मावळताना उरलेला माल पडेल भावात काढून टाकणे म्हणजे 'तॉरी'. दिवसाच्या पहिल्या विक्रीला 'मासुगॉरी' म्हणतात, आणि जिला भवानीचे महत्त्व ठाऊक आहे त्या मराठी विक्रेतीला ते समजावून सांगावे लागणार नाही : पहिले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाऊ द्यायचे नाही, कारण पुढचा सारा दिवस त्यावर अवलंबून असतो, असा समज.

मापांतही हीच वृत्ती दिसते. कोरियात आता कायद्याने मेट्रिक मापे आहेत, तरी बाजारात 'गन' हे जुने वजन अजून ऐकू येते आणि ते मालागणिक बदलते : मांसाचा गन ६०० ग्रॅमचा, तर भाजीचा साधारण ४०० ग्रॅमचा. धान्य 'द्वे' या सुमारे १.८ लिटरच्या चौकोनी मापाने मोजत, आणि दहा द्वे मिळून एक 'माल' होतो. आपल्या शेर-पायलीप्रमाणे हे मापही वजनाचे नसून आकारमानाचे, त्यामुळे माप शिगेपर्यंत भरायचे की कडेला सपाट करायचे, हे विकणाऱ्याच्या मनावर राहते. दॉमची जागा नेमकी तिथेच आहे.

अर्थशास्त्रज्ञ याला 'पुनरावृत्त व्यवहार' म्हणतात; त्याचा अर्थ इतकाच की दोघांनाही ठाऊक असते, आपण पुन्हा भेटणार आहोत. आज दहा रुपये जास्त लावले तर उद्या ती बाई शेजारच्या गाड्यावर जाईल आणि चार जणींना सांगेलही. म्हणून पाटीवर किंमत नसली तरी भाव हाताबाहेर जात नाही. लेखी किमतीचे काम ओळख करते, तपासनिसाचे काम शेजारीण करते.

मार्टला सुट्टी, बाजाराला आधार

१९९३ साली सोलमध्ये कोरियातले पहिले मोठे सवलत-मार्ट उघडले आणि १९९६ मध्ये किरकोळ व्यापार परदेशी कंपन्यांना खुला झाला. कार्फूर आणि वॉलमार्ट आल्या, आणि २००६ मध्ये दोघीही गाशा गुंडाळून परत गेल्या. पण तोवर देशी मार्ट घट्ट रुजले होते. वातानुकूलित इमारत, गाडी लावायला जागा, स्वच्छ शौचालय आणि छापील किंमत यांच्यापुढे उघड्या छताचा, चिखलाचा बाजार मागे पडू लागला.

सरकारने दोन बाजूंनी हात घातला. एकीकडे २००० नंतरच्या दशकात पारंपरिक बाजारांसाठी खास कायदा करून सार्वजनिक पैशातून छते, वाहनतळ आणि शौचालये बांधली. आज बहुतेक शहरी बाजारांवर दिसणारी कमानदार पारदर्शक छते त्यातलीच. २००९ मध्ये 'ओन्नुरी' नावाची खरेदीपत्रे निघाली. ती दर्शनी किमतीपेक्षा कमी पैशांत मिळतात आणि मुख्यतः नोंदणीकृत पारंपरिक बाजारांतच चालतात. सवलतीचा भार सरकार उचलते. दुसरीकडे मार्टना लगाम घातला गेला : बाजारापासून एक किलोमीटरच्या आत नवे मार्ट उघडण्यावर स्थानिक प्रशासनाला निर्बंध घालता येतात, आणि २०१२ पासून मोठ्या मार्टना रात्री दुकान बंद ठेवणे आणि महिन्यातून दोन दिवस सक्तीची सुट्टी घेणे भाग पडले. मार्टवाले न्यायालयात गेले, पण २०१८ मध्ये घटना न्यायालयाने हे निर्बंध वैध ठरवले.

यातून बाजार वाचला का?

मार्ट बंद असले की माणसे बाजारात जातील, ही अपेक्षा पुरती खरी ठरली नाही. रविवारी मार्ट बंद दिसले की अनेकांनी पिशवी उचलण्याऐवजी फोन उचलला. ऑनलाइन कंपन्यांना रात्रीची बंदी नव्हती, त्यामुळे रात्री मागवलेली भाजी पहाटे दारात येऊ लागली, आणि मार्टना आपल्या दुकानांतून तशी पहाटेची सेवा देता येईना. २०२३ च्या फेब्रुवारीत देगू शहराने सक्तीची सुट्टी रविवारऐवजी सोमवारी नेली आणि मग इतर काही शहरांनी तोच मार्ग धरला. २०२५ मध्ये तर एका बड्या मार्ट-साखळीलाच न्यायालयाकडे पुनर्वसनासाठी धाव घ्यावी लागली. कायदा झाला तेव्हा लढाई मार्ट आणि बाजार यांच्यात होती. आता ती दोघांच्याही हातून निसटली आहे.

तरीही हा सगळा खर्च वाया गेला, असे मी म्हणणार नाही. देशात आजही सुमारे चौदाशे पारंपरिक बाजार आहेत. छत, दिवे आणि शौचालये नसती तर त्यातले कितीतरी केव्हाच मिटले असते, आणि तिथल्या विक्रेत्यांत पन्नाशी-साठी ओलांडलेल्या स्त्रिया इतक्या आहेत की त्यांना दुसरीकडे नोकरी मिळाली असती असे मानणे कठीण आहे. काही बाजारांनी स्वतःची वाटही शोधली. सोलच्याच ग्योंगदोंग या वनौषधींच्या बाजारात एका बंद पडलेल्या जुन्या चित्रपटगृहात २०२२ च्या डिसेंबरमध्ये स्टारबक्स उघडले, आणि जिन्सेंगची मुळे घ्यायला येणाऱ्या आजी-आजोबांच्या गर्दीत तरुण मुले दिसू लागली.

मग ती ताटली महाग का झाली?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गेल्या काही वर्षांत ग्वांगजांग जगाच्या नकाशावर आला. परदेशी वाहिन्यांनी तिथले गाडे दाखवले, कोरियन मालिकांच्या चाहत्यांनी यादीत नाव लिहिले, आणि गाड्यावरच्या बाकड्यावर नेहमीच्या माणसाऐवजी विमानाने आलेला माणूस बसू लागला. हा माणूस पुन्हा येणार नाही, हे त्याला ठाऊक असते आणि विक्रेत्यालाही. दांगोल नाही, म्हणजे 'उद्या ती शेजारणीकडे जाईल' हा धाक नाही. यंत्राचा मुख्य पट्टाच निखळला, आणि बाकीची चाके मात्र जुन्याच सवयीने फिरत राहिली : पाटीवर वजन नाही, ताटलीचे माप मावशीच्या हाताच्या अंदाजाने, पैसे शक्यतो रोख. ज्या ढिलाईतून ओळखीच्या माणसाला जास्त मिळत असे, त्याच ढिलाईतून अनोळखी माणसाला कमी मिळू लागले.

गर्दी वाढली की जागेची किंमत वाढते, हेही त्यात आले. कोरियात दुकान घेणारा नवा भाडेकरू जुन्या भाडेकरूला 'ग्वॉल्लीगम' नावाची रक्कम देतो. आपल्या पगडीच्या जवळ जाणारी ही चाल आहे, मात्र इथे पैसा घरमालकाकडे न जाता जाणाऱ्या भाडेकरूच्या हाती पडतो : जमवलेले गिऱ्हाईक, मांडामांड आणि मोक्याची जागा यांचे मोल. २०१५ मध्ये कायद्यानेही ही रक्कम वसूल करण्याच्या भाडेकरूच्या संधीला संरक्षण दिले. जागेसाठी मोठी रक्कम मोजलेल्या माणसाच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून ती वसूल करण्याचा हिशेब असतो, आणि तो हिशेब शेवटी ताटलीत उतरतो.

म्हणजे दोष कोणाचाच नाही का?

असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. दहा तुकड्यांना पंधरा हजार वॉन लावणाऱ्याचा हात परिस्थितीने धरलेला नव्हता. त्याच छताखाली, तेवढीच गर्दी सांभाळून, तेवढेच भाडे भरून अनेक जणी वाजवी भावात पोटभर धिरडे देतात. शिक्षा व्हायलाच हवी होती. पण दहा दिवस एक गाडा बंद ठेवून प्रश्न सुटत नाही, हे दोनच वर्षांत दिसले.

या भांडणात सर्वाधिक पोळले गेले ते पलीकडचे कापडवाले. बाहेरून बाजार एक दिसतो, आत मात्र दुकानदारांची संघटना वेगळी आहे आणि गाडेवाल्यांची वेगळी. बातमीत नाव येते ते 'ग्वांगजांग'चे, आणि ज्यांनी कधी कोणाला एक तुकडा कमी दिला नाही त्या दुकानांचेही गिऱ्हाईक तुटते. म्हणूनच कोणता गाडा कोणाच्या नावावर आहे याची सरकारी नोंद असावी, ही मागणी पुढे आली. १७९१ मध्ये राजाने सोडवायला घेतलेला प्रश्न, कोण कुठे बसून विकतो हा, असा फिरून पुन्हा दारात आला.

किमतीच्या पाट्या लावल्या की दॉम संपेल?

बाजारावर प्रेम करणाऱ्या अनेकांना ही भीती वाटते : सगळे वजनात आणि पाटीवर आले की बाजार आणि मार्ट यांत फरक काय उरणार? मला ही भीती अनाठायी वाटते. पाटीवर '२०० ग्रॅम' लिहिल्याने मावशीला २२० ग्रॅम घालायला कोणी मनाई करीत नाही. उलट नक्की किती मिळायचे होते हे ठाऊक असेल तरच वर किती मिळाले हे कळते, आणि दॉमला दॉम म्हणून ओळखता येते. अनोळखी माणसाला पाटी संरक्षण देते आणि ओळखीच्या माणसाला मावशीचा हात देतो. दोन्ही एकाच गाड्यावर नांदू शकतात.

जाणाऱ्यांसाठी थोडे

हल्ली सोलला जाणाऱ्यांत मराठी माणसेही असतात, म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. बसण्याआधी पाटी पाहावी, ताटलीत किती नग येतात ते बोटांनी विचारावे, आणि नको असल्यास मान हलवून पुढे जावे. त्यात कोणाचा अपमान होत नाही. जवळ थोडी रोख असावी. शाकाहारी माणसाने विशेष सावध राहावे : बिंदेत्तॉक मुगाचे असले तरी त्यात डुकराचे मांस घातलेले असू शकते, आणि किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो. लहान किंबाप साधारणपणे भाज्यांचा असतो, तरी विचारून घ्यावे. रविवारी खाण्याचे गाडे चालू असतात, पण कापडाची बहुतेक दुकाने बंद, म्हणून शक्यतो आठवड्यातल्या दिवशी दुपारी जावे आणि खाऊन झाल्यावर जिना चढून वर जावे.

वरच्या मजल्यावर तेलाचा वास आणि कॅमेऱ्यांची गर्दी एकदम मागे राहते. छतापर्यंत रचलेल्या रेशमाच्या ताग्यांमधून जेमतेम एका माणसापुरती वाट असते. लग्न ठरलेल्या मुलीला घेऊन आई येते, दुकानदारीण पायातले जोडे काढून उंचवट्यावर बसलेली असते, तागा उलगडला जातो आणि त्याचे टोक मुलीच्या हनुवटीखाली धरून रंग चेहऱ्याला शोभतो का ते पाहिले जाते. भाव बराच वेळ निघत नाही. आधी मुलाकडच्यांची चौकशी होते, मग कधी आईच्या स्वतःच्या लग्नातला हानबोक इथूनच शिवला होता ही आठवण निघते. मग कागदावर आकडा लिहिला जातो, तो थोडा खाली येतो, आणि कापड बांधताना गाठोड्यात एक जास्तीची रेशमी फीत सरकवली जाते.